खांद्यावरचा आकडा

मराठी मुसलमानांच्या घरांत जुने कागद फारसे टिकले नाहीत. कुठे पावसाने नेले, कुठे वाळवीने, कुठे दंगलीने. कुठे नुसते बिऱ्हाड बदलताना गेले. त्यातून एखादा फोटो मात्र वाचलेला असतो. कपाटाच्या माथ्यावर किंवा पेटीच्या तळाशी, पिवळा पडलेला, खाकी गणवेशातला कुणी पूर्वज. मागे नाव नाही, साल नाही. विचारले तर घरातली म्हातारी माणसे म्हणतात, 'हे पलटणवाले दादा, मोठ्या लढाईला गेले होते.' कोणती लढाई, कोणती पलटण, हे सांगणारा माणूस केव्हाच कबरस्तानात गेलेला असतो.

असा फोटो हाती आला की आम्ही चेहऱ्याकडे सर्वांत शेवटी पाहतो. नातलगांना चेहऱ्यात नाक दिसते, कपाळ दिसते, पण इतिहासाला त्याचा उपयोग नाही. आधी खांदा पाहावा. तिथे पितळी अक्षरे किंवा आकडा असतो, आणि भिंगातून तो बहुधा वाचता येतो.

मुंबई इलाख्यापुरता या आकड्याचा हिशेब सरळ आहे. १९०३ साली लॉर्ड किचनेरने हिंदी फौजेची नव्याने आकडेवारी लावली, तेव्हा मुंबईच्या जुन्या पायदळ पलटणींच्या आकड्यात शंभर मिळवले गेले. तिसरीची १०३ झाली, दहावीची ११०, सतरावीची ११७. १९२२ मध्ये पुन्हा फेररचना झाली आणि १०३, १०५, ११०, ११४, ११६ व ११७ या मराठा पलटणी मिळून पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री ही एकच रेजिमेंट झाली. म्हणून खांद्यावर ११० दिसले, तर गणवेश १९०३ ते १९२२ या एकोणीस वर्षांतला. साल नसलेल्या फोटोला एवढी अचूक चौकट दुसरे काहीही देत नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. मराठा पलटण म्हणजे त्यात मुसलमान नसणारच, असे आपलीही माणसे धरून चालतात. वस्तुस्थिती वेगळी होती. या पलटणींत मराठा कंपन्यांबरोबर 'दख्खनी मुसलमान' या नावाने भरती होत असे. १९०८ साली मेजर बेथम याने फौजेच्या भरती अधिकाऱ्यांसाठी जे माहितीपुस्तक तयार केले, त्याच्या शीर्षकातच मराठे आणि दख्खनी मुसलमान शेजारी शेजारी आहेत. इंग्रजांनी आपल्याला 'लढाऊ' आणि 'बिनलढाऊ' जातींत वाटले, ते त्यांच्या सोयीसाठी. त्या वर्गीकरणाचा अभिमान बाळगावा असे आम्हाला वाटत नाही. पण त्या कागदाने एवढे सिद्ध होते, की सातारा-पुण्याकडच्या मुसलमान घरातला शिपाई मराठा पलटणीच्या आकड्याखाली उभा असेल, तर ती कुणाची चूक नाही आणि उसना घेतलेला कोटही नाही.

आकडा वाचताना पलटणीचे पूर्ण नाव मात्र सोडू नये. केवळ '५' आणि 'लाइट इन्फन्ट्री' एवढे पाहून मराठा रेजिमेंट म्हणणे धोक्याचे आहे. १९२२ पूर्वी पाचवी लाइट इन्फन्ट्री नावाची एक वेगळीच पलटण होती, उत्तरेकडच्या मुसलमान शिपायांची. १५ फेब्रुवारी १९१५ रोजी सिंगापुरात तिने बंड केले. त्यानंतर सत्तेचाळीस जणांना गोळ्या घालण्यात आल्या, आणि त्या शिक्षेचेही फोटो काढले गेले. एका आकड्याच्या घोटाळ्यात माणूस कुठल्या कुठे जातो!

खांद्यानंतर बाही. दंडावर टोक खाली असलेल्या फिती म्हणजे हुद्दा: एक लान्सनाईकची, दोन नाईकच्या, तीन हवालदाराच्या. पण डाव्या मनगटाच्या वर, टोक वर केलेल्या लहान फिती दिसल्या, तर तो हुद्दा नव्हे. त्या चांगल्या वर्तणुकीच्या. दोन्ही मिळून मोजणारी घरे साध्या शिपायाला हवालदार करून टाकतात. उजव्या मनगटावरच्या बारीक फिती परदेशी नोकरीच्या. १९१८ च्या आरंभी त्यांचा हुकूम निघाला. डाव्या बाहीवर एखादी उभी सोनेरी पट्टी असेल तर ती जखमेची खूण आहे. ती पाहून आम्ही थोडे थांबतो.

ताऱ्यांची गंमत याहून मोठी. खांद्यावर दोन तारे पाहून 'आजोबा लेफ्टनंट होते' असे अनेक घरांत सांगितले जाते. पहिल्या महायुद्धात एक तारा जमादाराचा, दोन सुभेदाराचे आणि मुकुट सुभेदार मेजरचा. दोन तारे गोऱ्या लेफ्टनंटलाही असत, म्हणून हा घोळ. फौजेतले डॉक्टर वगळले तर त्या काळी हिंदी माणसाला बादशाही कमिशन मिळणे जवळजवळ अशक्य होते. १९१७-१८ नंतर दार किलकिले झाले. डोक्यावर पगडी आणि खांद्यावर दोन तारे म्हणजे सुभेदार समजावे. शिपायापासून चढत सुभेदार होणे हे लेफ्टनंटपणापेक्षा कमी कष्टाचे होते, असे कुणी समजू नये. पगडीतून वर टोकदार कुल्ला डोकावत असेल, तर माणूस बहुधा पंजाबकडचा किंवा पठाण, दख्खनचा नव्हे.

आता छाती. पदकांच्या रिबनी रंगांवरून ओळखायच्या, आणि फोटो तर काळापांढरा! त्यातून जुन्या काचांवरचा मसाला लाल रंगाला आंधळा होता. लाल जवळजवळ काळा उमटे आणि निळा फिका, कधी पांढराच. १९१४-१५ च्या ताऱ्याची रिबन लाल, पांढरी, निळी अशी आहे. जुन्या फोटोत ती एका बाजूने काळी आणि दुसऱ्या बाजूने पांढुरकी दिसते. हे ठाऊक नसलेला माणूस भलतेच पदक शोधत बसतो. पदके उजव्या छातीवर दिसली, तर कोटाची बटणे पाहावीत. तीही उलटी असतील तर काच उलटी छापली गेली आहे. बटणे सुलटी असतील, तर माणसाने आपल्या मयत नातलगाची पदके लावली असण्याचा संभव आहे, कारण दुसऱ्याची पदके उजवीकडे लावायचा रिवाज होता.

तारा, युद्धपदक आणि विजयपदक या तिन्हींच्या रिबनी एकत्र असतील तर फोटो १९१९ च्या आधीचा असू शकत नाही. त्या तीन रिबनी आणि खांद्यावर १०३, ११० किंवा ११७ असे असेल, तर कूतचा विचार करावा लागतो. या तिन्ही पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात होत्या. ७ डिसेंबर १९१५ पासून तुर्कांनी कूत-अल-अमाराला वेढा घातला आणि २९ एप्रिल १९१६ रोजी जनरल टाउनशेंडने सुमारे तेरा हजार माणसांसह शरणागती पत्करली. नोव्हेंबर १९१४ मध्येच सुलतानाने, म्हणजे खलिफाने, जिहादचा पुकारा केला होता. आमच्या दख्खनी मुसलमानाने त्याच खलिफाच्या फौजेसमोर बंदूक धरली, उपास काढला आणि कैद भोगली. कैदेत तुर्कांनी मुसलमानांना इतरांपासून वेगळे काढले, पण कैद ती कैदच. तो १९१९ साली मोहल्ल्यात परतला, तेव्हा तिथे खिलाफतीचा चंदा गोळा होऊ लागला होता. तीन रिबनींचा कोट त्याने घडी घालून ठेवला असेल, की मिरवला असेल? काही घरांत हेच पूर्वज 'तुर्कांच्या बाजूने लढले' असे आज सांगितले जाते. त्यामागची भावना आम्हाला कळते. रिबन मात्र तसे म्हणत नाही. त्यांची अडचण पुसून टाकून आपण त्यांना मोठे करत नाही, फक्त गप्प करतो.

मराठवाड्यातल्या घरांत प्रश्न याच्या उलटा आहे. तिथे खाकीतला फोटो मिरवला जात नाही, लपवला जातो. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर जे घडले, त्याचा सुंदरलाल समितीचा अहवाल २०१३ मध्ये लोकांसमोर आला. सर्वाधिक झळ पोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. त्या दिवसांत खाकी कोटातला मुसलमान म्हणजे रझाकार, एवढाच हिशेब होता, आणि कित्येक घरांनी भीतीपोटी असे फोटो चुलीत घातले असतील. वास्तविक निजामी मुलखात खाकी घालणारे किती प्रकारचे होते! पोलीस, करोडगिरी, जंगल खाते, राज्याचे नियमित सैन्य, पहिल्या महायुद्धात मिसर-पॅलेस्टाइनकडे गेलेले हैदराबाद लान्सर्स. बिल्ल्यावर इंग्रजी मुकुट असेल तर माणूस ब्रिटिश हिंदी फौजेतला, आणि गणवेश २६ जानेवारी १९५० च्या आधीचा. त्या दिवसापासून भारतीय सेनेत मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. निजामाच्या राज्यचिन्हावर मुकुट नव्हे, दस्तार होता. नखाएवढ्या पितळेवर मुकुट आहे की दस्तार, यावर एका घराची मान सत्तर वर्षे खाली होती की नाही हे ठरते. माणूस रझाकार निघाला तर तेही लिहून ठेवावे. पण बिल्ला न पाहता ठरवू नये, शेजाऱ्यांनी नाही आणि आपणही नाही.

कोकणातल्या फोटोंत फौजी कमी, खलाशी जास्त. गळ्यात साखळी आणि चांदीची शिट्टी म्हणजे जहाजावरचा सारंग. पहिल्या युद्धात व्यापारी जहाजांवर काम केलेल्यांना वेगळे पदक होते. त्याची रिबन हिरवी-लाल आणि मध्ये पांढरी रेघ, जहाजाच्या दिव्यांसारखी.

फोटोबरोबर पदक शिल्लक असेल तर शोध अर्ध्यावर येतो. पहिल्या युद्धाच्या पदकांच्या कडेवर, आणि ताऱ्याच्या पाठीवर, नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. युद्धपदक चांदीचे होते, म्हणूनच ते पुष्कळदा सोनाराकडे गेले. भिस्ती, लांगरी, खेचरवाले यांना तेच पदक ब्राँझचे मिळाले. ते वितळवून काही मिळत नसल्याने घरात राहिले, आणि लाजेने कुणाला दाखवले गेले नाही.

जे परतले नाहीत, त्यांच्यासाठी बसऱ्याचे स्मारक आहे. चाळीस हजारांहून अधिक मृतांचे ते स्मारक. त्यावर गोऱ्यांची नावे आहेत, हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. हिंदी शिपायांच्या बाबतीत पलटणीचे नाव आणि मृतांची संख्या, एवढेच. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने एप्रिल २०२१ मध्ये कबूल केले, की पहिल्या युद्धातल्या किमान ४५ ते ५४ हजार मृतांची, त्यांत मोठ्या संख्येने हिंदी, अशी विषम नोंद झाली. त्या दगडावर '११०' खाली जो नुसता आकडा आहे, त्यातला एक जण कदाचित आपल्या पेटीत बसलेला आहे. काच पुसायला मऊ सुती कापड घ्यावे, पाणी लावू नये, आणि फोटोच्या मागे पेन्सिलीने हलक्या हाताने लिहावे: कुणाच्या घरातला, कुणी सांगितले, कोणत्या साली.