रोजच्या वापराची हॉट रॉड सेडान : एका उपेक्षित गाडीचा इतिहास

‘हॉट रॉड’ ही संज्ञा अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस रूढ झाली आणि तिने ज्या गाडीचा बोध होतो ती कोणत्याही कारखान्यात त्या स्वरूपात तयार झालेली नसते. जुन्या, बहुधा फोर्ड कंपनीच्या, गाडीचा सांगाडा व पत्र्याचे अंग घेऊन, इंजिनाची शक्ती वाढवून किंवा ते मुळातच बदलून, मालकाने गॅरेजात नव्याने उभी केलेली ती गाडी होय. या परंपरेचा इतिहास बहुतेक वेळा वेगाचे विक्रम आणि प्रदर्शनांतील चषक यांच्या आधारे सांगितला गेला असल्यामुळे त्यात उघड्या टपाच्या, दोघांपुरत्या ‘रोडस्टर’ गाडीला मानाचे स्थान मिळाले आणि घरातली सगळी माणसे बसतील अशी बंद टपाची सेडान तळटीपेपुरती उरली. परंतु जुनी गाडी रोज चालवता येईल, पावसात काढता येईल, हजार मैलांच्या प्रवासाला नेता येईल अशी कशी घडवली गेली, हा प्रश्न विचारला की रोडस्टरचा इतिहास अपुरा पडतो आणि त्याचे उत्तर सेडानपाशीच सापडते.

सेडान उपेक्षित का राहिली हे समजण्यासाठी ती सर्वत्र कशी पसरली हे आधी पाहिले पाहिजे. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीहून अधिक संख्येने बनलेल्या फोर्डच्या मॉडेल टीच्या पहिल्या दशकात बहुसंख्य गाड्या उघड्या टपाच्या होत्या, कारण बंद अंग बनवणे हे सुताराचे आणि पत्रेकाम करणाऱ्याचे वेळखाऊ व महागडे काम होते. हडसन कंपनीने १९२२ मध्ये ‘एसेक्स कोच’ ही साधी बंद गाडी आणली आणि १९२५ पर्यंत तिची किंमत त्याच कंपनीच्या उघड्या गाडीच्याही खाली उतरवली. तेव्हापासून वारे फिरले आणि दशक संपेपर्यंत अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या बहुतेक गाड्या बंद झाल्या. फोर्डने आपल्या दोन दारांच्या सेडानला ‘ट्यूडर’ आणि चार दारांच्या सेडानला ‘फोर्डोर’ अशी इंग्रजी उच्चारांवरून बेतलेली नावे दिली होती. १९२७ च्या अखेरीस आलेल्या मॉडेल ए या गाडीच्या अनेक अंगप्रकारांत ट्यूडरचाच खप सर्वांत मोठा होता, म्हणजे पुढे भंगारवाल्यांच्या आवारात सर्वांत अधिक संख्येने आणि सर्वांत स्वस्तात मिळणारे अंगही तेच असणार हे ठरल्यासारखेच होते.

३१ मार्च १९३२ रोजी फोर्डने लोकांसमोर ठेवलेल्या ‘मॉडेल १८’ ने या साऱ्याला वेगळे वळण दिले. तीत ‘व्ही’ आकारात चार-चारच्या दोन ओळींत सिलिंडर मांडलेले, २२१ घन इंचांचे, म्हणजे सुमारे ३.६ लिटरचे, ६५ अश्वशक्तीचे इंजिन होते. आठ सिलिंडरची इंजिने त्याआधीही होती, परंतु ती श्रीमंतांच्या गाड्यांत असत. हेन्री फोर्ड यांच्या कारखान्याने दोन्ही ओळी आणि खालचा भाग मिळून संपूर्ण ब्लॉक एकाच ओतकामात काढण्याचे कसब साधले आणि आठ सिलिंडर सामान्य गिऱ्हाइकाच्या आवाक्यात आणले. या इंजिनाचे व्हॉल्व वरच्या झाकणात नसून ब्लॉकमध्येच सिलिंडरच्या कडेला बसवलेले असत, त्यामुळे झाकण सपाट दिसे आणि म्हणून त्याला ‘फ्लॅटहेड’ म्हणत. या रचनेचा दोष मात्र पुढच्या कथेत महत्त्वाचा ठरतो : जळालेला वायू बाहेर पडण्यापूर्वी ब्लॉकच्या आतून, थंड पाणी खेळणाऱ्या पोकळ्यांच्या शेजारून जाई आणि मधल्या दोन सिलिंडरांना तर एकच सामाईक वाट असे, त्यामुळे पाणी तापत राही. मोकळ्या मैदानात काही मिनिटे भरधाव जाणाऱ्या गाडीला हे चालून जाई. शहराच्या रहदारीत, सिग्नलपाशी खोळंबणाऱ्या गाडीला ते जाचक होई.

मोकळी मैदाने दक्षिण कॅलिफोर्नियात होती. लॉस एंजेलिसच्या उत्तरेकडील मोहावे वाळवंटातील म्युरॉक येथे पाणी आटून गेलेल्या सरोवराचा कठीण, सपाट तळ मैलोगणती पसरलेला होता आणि १९३० च्या दशकात तरुण मुले आपल्या गाड्यांचा वेग मोजण्यासाठी तेथे जमत. १९३७ मध्ये ‘सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन’ स्थापन होऊन या जमावाला नियम आणि घड्याळ मिळाले. या तरुणांपैकी बहुतेकांकडे एकच गाडी होती. आठवडाभर तीच कामावर नेणारे शनिवारी रात्री वाळवंटाकडे निघत, तेथे पोचल्यावर मडगार्ड, दिवे आणि समोरची काच उतरवून शर्यत करीत आणि सायंकाळी सारे पुन्हा जोडून घरी परतत. म्हणजेच रोजच्या वापराची हॉट रॉड ही मागाहून सुचलेली तडजोड नव्हती. हॉट रॉडचा जन्मच रोजच्या वापरातून झाला, आणि या इतिहासाच्या बहुतेक मांडणीत हीच गोष्ट निसटते.

बंद गाड्यांना मात्र या मैदानांवर मान नव्हता. असोसिएशनच्या शर्यती दीर्घकाळ रोडस्टर आणि खास बनवलेल्या वाऱ्याला अनुकूल आकारांच्या गाड्यांपुरत्या होत्या. जड छप्पर, काचा आणि मागची बैठक वाहणारी सेडान ही वडिलांची गाडी समजली जाई. युद्धानंतर ‘रसेटा टायमिंग असोसिएशन’ या दुसऱ्या संघटनेने कूप, म्हणजे आखूड छपराची दोन दारांची बंद गाडी, आणि सेडान यांना दार उघडले, तेव्हा कुठे अशा गाड्यांचे वेग कागदावर नोंदले जाऊ लागले. रोडस्टरचा वारसा प्रदर्शनांतही टिकला : १९५० मध्ये ओकलंडच्या प्रदर्शनात सुरू झालेला ‘अमेरिकेतील सर्वांत सुंदर रोडस्टर’ हा सन्मान नावाप्रमाणेच सेडानला मिळू शकत नाही.

सेडानचे दिवस पालटले ते सामाजिक कारणांनी. फेब्रुवारी १९४२ मध्ये अमेरिकेत खासगी गाड्यांचे उत्पादन थांबले, पेट्रोल मोजून मिळू लागले. युद्ध संपल्यावर विमाने व रणगाड्यांची इंजिने हाताळून आलेले लाखो सैनिक परतले, त्यांची लग्ने झाली, मुले झाली. जानेवारी १९४८ मध्ये रॉबर्ट पीटरसन आणि रॉबर्ट लिंडसे यांनी ‘हॉट रॉड’ हे मासिक काढले. त्याचे संपादक वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ उभारून सार्वजनिक रस्त्यांवरील जीवघेण्या शर्यती बंदिस्त पट्ट्यांकडे वळवण्याचे काम हाती घेतले. शर्यतीची गाडी आणि रस्त्यावरची गाडी यांची फारकत तेथून सुरू झाली. ज्याला दोन गाड्या परवडत नव्हत्या आणि ज्याच्या मागच्या बाकावर मुले बसणार होती, त्याला जुनी ट्यूडर हीच सोयीची होती.

ती घडवण्यातील पहिली अडचण पत्र्याची होती. तेव्हा मोठ्या आकाराचा पत्रा एका दाबात छपराएवढा घडवणे सोपे नसल्यामुळे १९३६ पर्यंतच्या फोर्डच्या बंद गाड्यांच्या छपराचा मधला भाग कापडाचा असे आणि त्यावर पाणी न शिरण्यासाठी लेप दिलेला असे. फोर्डला संपूर्ण पोलादी छप्पर १९३७ मध्ये मिळाले. वीस-पंचवीस वर्षांत ते कापड कुजून गाडी गळू लागे, म्हणून कारागीर भंगारातील एखाद्या स्टेशन वॅगनच्या छपराचा पन्हळीदार पत्रा कापून तेथे वेल्डिंगने बसवीत आणि शिसे भरून सांधा घासून एकजीव करीत. जनरल मोटर्सच्या गाड्यांची अंगे १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत लाकडी चौकटीवर पत्रा ठोकून केलेली होती, तर फोर्डची अंगे मुख्यतः पोलादी होती. लाकूड कुजल्यावर दारे लोंबकळू लागत, आणि हॉट रॉडमध्ये फोर्डचे प्राबल्य का, याचे एक कारण इंजिनाइतकेच या चौकटीतही आहे. छप्पर बुटके करण्यासाठी खांब कापण्याची, ज्याला ‘चॉप’ म्हणतात ती, रीत सेडानमध्ये कष्टाची ठरे, कारण खांब आखूड होताच वरचे आणि खालचे भाग एकमेकांवर बसेनासे होत आणि छपरात नवा पत्रा भरून ते लांबवावे लागे. रोज चालवणारे बहुधा छप्पर होते तसेच ठेवीत. डोक्याला जागा आणि सिग्नल दिसण्यापुरती काच त्यांना बुटक्या देखण्या आकारापेक्षा मोलाची वाटे, आणि त्यांची निवड योग्यच होती.

दुसरी अडचण इंजिनाची, आणि तिचे उत्तर डेट्रॉइटमधूनच आले. १९४९ मध्ये ओल्डस्मोबिल आणि कॅडिलॅक यांनी व्हॉल्व वरच्या झाकणात बसवलेली नवी व्ही-८ इंजिने आणली, १९५१ मध्ये क्रायसलरचे अर्धगोलाकार ज्वलनकक्षाचे इंजिन आले. शक्तीच्या दृष्टीने फ्लॅटहेड तेथेच मागे पडले आणि अमेरिकेत फोर्डनेही १९५३ नंतर ते बंद केले. परंतु ही नवी इंजिने जड होती आणि जुन्या फोर्डचा पुढचा भाग त्यांच्या वजनाने दबे. १९५५ मध्ये शेव्हरोलेने आणलेले २६५ घन इंचांचे इंजिन मात्र त्याच कंपनीच्या सहा सिलिंडरच्या इंजिनापेक्षाही हलके होते, साध्या रूपातही १६२ अश्वशक्ती देई, रुंदीला आटोपशीर होते आणि त्याचे ऑइल पॅन मागच्या बाजूला खोल असल्यामुळे जुन्या फोर्डच्या सांगाड्यातील पुढच्या आडव्या पट्टीला ते अडत नसे. सुटे भाग गावोगावच्या दुकानांत मिळत. १९६७ मध्ये याच कुळातील ३५० घन इंचांचे, म्हणजे ५.७ लिटरचे, इंजिन आले आणि ते लाखो गाड्यांतून पुढे भंगारात पोचले. फोर्डच्या अंगात प्रतिस्पर्ध्याचे इंजिन घालणे हा द्रोह आहे असे मानणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत; पण जून महिन्यातल्या दुपारी रहदारीत न तापणारी जुनी सेडान जर कोणी शक्य केली असेल तर ती या इंजिनाने, हे मान्य करावेच लागते.

इंजिनापेक्षाही थांबण्याचा प्रश्न गंभीर होता. १९३८ पर्यंतच्या फोर्ड गाड्यांचे ब्रेक यांत्रिक, म्हणजे सळयांनी किंवा तारांनी ओढले जाणारे, होते. द्रवाच्या दाबावर चालणारे हायड्रॉलिक ब्रेक कंपनीने १९३९ मध्ये स्वीकारले, म्हणून १९३९-४० च्या गाड्यांचे ब्रेक काढून ते १९३२ च्या गाडीला लावणे ही युद्धोत्तर काळातली पहिली शहाणपणाची दुरुस्ती ठरली. पुढचा अ‍ॅक्सल सरळ आणि त्यावर आडवा एकच पाट्यांचा स्प्रिंग, ही मॉडेल टीपासूनची रचना खडबडीत रस्त्यावर गाडीला डोलवी. १९७४ ते १९७८ या काळातील फोर्डच्या ‘मस्टँग २’ या लहान गाडीची पुढची चाके मात्र स्वतंत्रपणे वरखाली होणारी आणि स्टीअरिंग दात्यांच्या पट्टीवर फिरणारे होते. ही गाडी शौकिनांनी फारशी वाखाणली नाही, पण तिचा हा पुढचा भाग जुन्या सांगाड्यांच्या रुंदीला इतका जुळला की पुढे त्याच्या प्रतिकृतींचा स्वतंत्र व्यवसाय उभा राहिला. सहा व्होल्टच्या जागी बारा व्होल्टची वीजव्यवस्था, आपोआप बदलणारे गिअर, मजबूत मागचा अ‍ॅक्सल अशा एकेका बदलाने गाडी विश्वासू होत गेली. जॅक चिझनहॉल यांनी १९७६ मध्ये टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथे ‘व्हिंटेज एअर’ ही कंपनी काढून अशा गाड्यांच्या डॅशबोर्डमागे मावेल असे वातानुकूलन यंत्र विकायला सुरुवात केली. थंड हवा ही बंद गाडीतच टिकते, त्यामुळे सेडानचे जे छप्पर ओझे मानले गेले होते तेच आता तिची जमेची बाजू झाले.

या काळात ‘स्ट्रीट रॉड’, म्हणजे शर्यतीसाठी नव्हे तर रस्त्यासाठी बांधलेली हॉट रॉड, ही वेगळी संज्ञा स्थिरावली. १९७० मध्ये ‘रॉड अँड कस्टम’ मासिकाच्या पुढाकाराने इलिनॉय राज्यातील पिओरिया येथे पहिला राष्ट्रीय मेळावा भरला आणि देशभरातून माणसे गाड्या ट्रेलरवर न लादता चालवत घेऊन आली. १९४९ पूर्वीच्या गाड्यांनाच तेथे प्रवेश, ही मर्यादा पाळली जाई, कारण १९४९ च्या फोर्डपासून मडगार्ड अंगातच मिसळून गेले आणि जुन्या घडणीचा काळ संपला. कॅलिफोर्नियातील जॉन बटेरा यांनी त्याच दशकात १९२६ ची मॉडेल टी ट्यूडर सेडान घेतली आणि ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कोरलेले भाग बसवून ती नव्याने घडवली. ज्या गाडीला कोणी प्रदर्शनाच्या दारातही उभे केले नसते तिच्याकडे मासिकांचे लक्ष वळले.

भारतीय वाचकाला या परंपरेचे वेगळेपण कायद्याच्या तुलनेतून स्पष्ट होते. जनरल मोटर्सने १९२८ पासून मुंबईत शिवडीला शेव्हरोले गाड्यांची जुळणी केली, फोर्डचीही जुळणी मुंबईत होत असे. म्हणजे कच्चा माल येथेही होता. परंतु १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते आणि २०२१ चे नियम पन्नास वर्षांहून जुन्या ‘व्हिंटेज’ गाडीला मूळ रूपात राहण्याच्या आणि नियमित वापरात न आणण्याच्या अटीवरच नोंदणी देतात. येथे जुनी गाडी ही जपण्याची वस्तू आहे. अमेरिकी सेडान मात्र बदलत राहिल्यामुळेच रस्त्यावर टिकली. १९३२ च्या ट्यूडरचे इंजिन, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल, ब्रेक, वायरिंग आणि बैठका यांपैकी मूळचे काहीही उरले नसले, तरी फोर्डच्या कामगाराने सांगाड्याच्या पोलादी पट्टीवर ठोकलेला ‘१८’ ने सुरू होणारा क्रमांक बहुधा शिल्लक असतो, आणि तो असला की नोंदणीच्या कागदावर गाडीचे वर्ष १९३२ असेच लिहिले जाते.