हिरडीखाली झिजलेले हाड परत येते का? ग्रोथ फॅक्टर आणि स्टेम सेल नेमके काय करतात

दात जबड्यात रुतलेला दिसतो, पण त्याचे मूळ हाडाला थेट चिकटलेले नसते. मुळावर सिमेंटमचा पातळ थर असतो, भोवती जबड्याचे हाड असते आणि दोघांच्या मध्ये साधारण पाव मिलिमीटर जाडीचे तंतूंचे जाळे असते. त्याला पेरिओडॉन्टल लिगामेंट म्हणतात. हिरडी आणि हे तीन घटक मिळून दाताला आधार देतात.

दातांवर जंतूंचा थर साचला की हिरडी सुजते आणि ब्रश करताना रक्त येते. या टप्प्यावर नीट सफाई झाली तर हिरडी पूर्ववत होते. दुर्लक्ष झाले तर सूज खाली उतरू शकते. मग तंतू तुटतात, हाड झिजते, दात हलू लागतात. यालाच आपण पायोरिया म्हणतो. सफाईने आजार थांबतो, पण गेलेला आधार सहसा फारसा परत येत नाही.

असे का होते?

जमीन मोकळी पडली की आधी तण उगवते. इथेही तसेच घडते. सफाईनंतर हिरडीच्या वरच्या थरातील पेशी सर्वांत वेगाने वाढतात आणि मुळाला चिकटतात. जखम भरते, पण हाड आणि तंतू तयार करणाऱ्या पेशींना जागाच उरत नाही. म्हणून १९८० च्या दशकात हिरडी आणि मूळ यांच्यामध्ये पातळ पडदा बसवून या वेगवान पेशींना अडवण्याची पद्धत पुढे आली.

ग्रोथ फॅक्टर म्हणजे काय?

ही पेशींना निरोप देणारी प्रथिने आहेत. ‘इकडे या’, ‘वाढा’, ‘हाड तयार करा’ असे ते निरोप असतात.

- पीडीजीएफ: जखमेच्या जागी रक्तातील प्लेटलेट हे प्रथिन सोडतात. प्रयोगशाळेत बनवलेल्या पीडीजीएफला अमेरिकेत दातांच्या आधाराच्या उपचारासाठी २००५ मध्ये मंजुरी मिळाली.
- एफजीएफ-२: यावर आधारित औषधाला जपानने २०१६ मध्ये मंजुरी दिली.
- पीआरएफ: रुग्णाचेच रक्त यंत्रात फिरवून मिळणारा जेलीसारखा गोळा. त्यातून ग्रोथ फॅक्टर काही दिवस हळूहळू बाहेर पडतात.

नुसते भरपूर हाड वाढवणे हा मात्र उपाय नाही. मधले तंतू तयार न होता हाड थेट मुळाला चिकटले, तर दात हाडाशी जखडतो आणि मूळ झिजू शकते. हाड वाढवणाऱ्या बीएमपी-२ या प्रथिनाबाबत प्राण्यांवरील प्रयोगांत हा धोका दिसला आहे. हाड, तंतू आणि सिमेंटम तिन्ही जागच्या जागी तयार झाले, तरच त्याला पुनर्निर्मिती म्हणता येते.

स्टेम सेलचे काय?

निरोप ऐकायला पेशी हव्यात. २००४ मध्ये शास्त्रज्ञांनी काढलेल्या अक्कलदाढांच्या लिगामेंटमधून स्टेम सेल वेगळ्या केल्या. उंदरांमध्ये त्यांनी सिमेंटम आणि तंतूंसारखी रचना तयार केली. जपानमध्ये अशा पेशींचे पातळ थर बनवून ते रुग्णांच्या दातांच्या मुळांवर बसवून पाहिले गेले. पण २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चीनमधील चाचणीत पेशी दिलेल्या आणि न दिलेल्या गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणजे मार्ग आशादायक आहे, पण अजून नेहमीचा उपचार झालेला नाही.

जाहिरात पाहाल तेव्हा

‘बाळाचे दुधाचे दात जपून ठेवा, पुढे स्टेम सेल कामी येतील’ असे कुणी सांगितले तर एक गोष्ट लक्षात ठेवा. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार भारतात फक्त नाळेतील रक्ताच्या बँकिंगला परवानगी आहे, दातांच्या पेशींच्या व्यावसायिक बँकिंगला नाही. पायोरियावर स्टेम सेल उपचार देऊ केला, तर तो नोंदणीकृत चाचणीचा भाग आहे का, हे आधी विचारा.

ग्रोथ फॅक्टरचे उपचारही सर्वांना सारखे लागू पडत नाहीत. हाडात खोल, अरुंद खड्डा असेल तर परिणाम चांगला मिळतो. सगळीकडचे हाड सारखेच खाली गेले असेल तर फारसा मिळत नाही. धूम्रपान आणि आटोक्यात नसलेला मधुमेह यांमुळे यश आणखी घटते.

म्हणून ब्रश करताना रक्त दिसले तर तेव्हाच दंतवैद्याकडे जा. त्या वेळी हाड बहुधा शाबूत असते आणि साधी सफाईही पुरते.