गच्चीवरची शेती आणि आपलं पाचट

मुंबई-पुण्याकडं गच्चीवर भाजी पिकवायची पद्धत वाढत चाललीय. बरेच जण म्हणतात, हे शहरवाल्यांचं फॅड, बाहेरच्या देशातून आलेलं. मुंबईतल्या गच्चीचं म्हणाल तर तिचं एक मूळ कोल्हापूर-सांगलीकडं आहे, म्हणून हे लिहितोय.

श्रीपाद अच्युत दाभोलकर हे नाव जुन्या द्राक्षवाल्यांना सांगायला नको. नरेंद्र दाभोलकरांचे हे थोरले बंधू. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात गणित शिकवायचे. १९६० नंतरच्या दशकात त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला. त्याला इमारत नाही, डिग्री नाही. शेतकऱ्यानं आपल्या रानात प्रयोग करायचा, मोजायचं, लिहायचं आणि दुसऱ्याला कळवायचं. तासगाव भागातले द्राक्षबागायतदार त्यात होते. त्याच मातीत बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसन सीडलेसमधून 'तास-ए-गणेश' निवडली, हे आपल्याला ठाऊक आहेच.

दाभोलकरांचा हिशेब उन्हाचा होता. पान किती, त्यावर ऊन किती पडतं, त्यातून माल किती तयार होतो. आणि माती विकत मिळत नाही, ती काडीकचऱ्यातून तयार करायची. पुढं दीपक सचदे यांनी हेच काम 'अमृतमाती' या नावानं पसरवलं.

आता गच्ची. मुंबईत वांद्र्याला डॉ. आर. टी. दोशी म्हणून अर्थशास्त्राचे अभ्यासक होते. त्यांनी घराच्या गच्चीवर पिंपात न् प्लास्टिकच्या पिशव्यांत भाजी, फळं काढली. पिशवीत माती थोडी, भर सगळा उसाच्या चिपाडांचा. रसवंतीवाला जी फेकून देतो ती.

यातली अक्कल वजनाची आहे. १ चौरस मीटर जागेवर १ फूट ओली माती टाकली तर जवळपास ५०० किलो होते. वावरायच्या गच्चीला हिशेब धरतात साधारण १५० किलोचा. म्हणजे स्लॅब खाली यायचा! चिपाड हलकं, पाणी धरतं, मुळाला हवा देतं. मात्र त्यात कर्ब भरपूर आणि नत्र नावाला. नुसतं चिपाड भरलं तर कुजताना ते रोपाच्या वाटचं नत्र ओढतं न् पानं पिवळी पडतात. म्हणून शेण, गोमूत्र, स्वयंपाकघरातला ओला कचरा जोडीला लागतो.

२००२ च्या सुमारास मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी हेच सुरू केलं. त्या तिथं केटरिंग अधिकारी. गोदीतल्या माणसांचं जेवण शिजायचं, रोजचा कचरा मोठा. तो बाहेर न धाडता वरच जिरवला, आणि सुमारे ३००० चौरस फुटांत फळझाडं, भाजी उभी राहिली. दोशींची चिपाडं न् दाभोलकरांचा विचार, दोन्ही तिथं एकत्र आलं. पुढं त्यातूनच 'अर्बन लीव्ह्ज' गट निघाला.

गच्चीवर ज्वारी-गहू होणार नाही, शहराचं पोट त्यावर भरणार नाही. मेथी, मिरची, टोमॅटो, शेवगा एवढंच. त्यामुळं आपलं गिऱ्हाईक जाईल ही भीती मला नाही वाटत. उलट ज्यानं एक टोमॅटो वाढवलाय तो बाजारात भाव करताना जरा दमानं घेतो.

मला टोचतं ते वेगळंच. तिकडं माणसं चिपाडाचं पोतं डोक्यावरनं तीन-चार मजले चढवतात. इकडं तोड झाली की हेक्टरी ८ ते १० टन पाचट काडी लावून मोकळे! गेल्या महिन्यात आमच्या शिवारात रात्री सलग तीन फड पेटलेले दिसले.

आणखी एक. प्रयोग परिवारातल्या जुन्या मंडळींच्या वह्या, छाटणीच्या तारखा, पत्रं अजून कुणाच्या माळ्यावर, ट्रंकेत असतील. ती पिढी आता ऐंशीच्या पुढं गेलीय. तासगाव, मिरज, पलूस, गारगोटी भागात कुणाकडं असतील तर रद्दीत घालू नका. फोटो काढून मला पाठवा, मी इथं एकेक पान टाकत जाईन.