शेंदूर आणि कुंकू

राजगडावरील पद्मावतीच्या देवळांत जे गेले असतील त्यांस तेथील गाभारा स्मरत असेल. एक मूर्ति भोरच्या पंतसचिवांनीं स्थापिलेली. दुसरी लहान मूर्ति शिवछत्रपतींच्या वेळची म्हणून सांगतात. आणि या दोहोंच्या मध्यें शेंदूर फासलेला तांदळा, तीच मूळ देवी. भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांतून गड चढून आलेली सुवासिनी तिच्यापुढें हात जोडते, तेव्हां देवीच्या अंगावर एक तांबडा रंग असतो आणि तिच्या स्वतःच्या कपाळीं दुसरा. दोन्ही रंग दिसावयास जवळचे. परंतु आमच्या समाजानें त्यांस नांवें निराळीं दिलीं व जागाहि निराळ्या नेमल्या. देवाचा तो शेंदूर आणि माणसाचें तें कुंकू.

हा भेद केवळ नांवाचा नव्हे. शेंदूर म्हणजे शिसें हवेंत तापवून केलेली भुकटी. शिसें शरीरांत साठत जातें, रक्त व मज्जातंतु बिघडवितें, आणि लहान मुलांच्या बुद्धीवर त्याचा घाला विशेष असतो. आमच्या पूर्वजांस हें रसायनशास्त्र अवगत होतें असा दावा आम्ही करीत नाहीं. परंतु मारुति, गणपति, म्हसोबा यांस शेंदूर आणि घरच्या लेकीसुनांस कुंकू, ही महाराष्ट्राची रीत होती, आणि त्या रीतीनें शिसें दगडावरच राहिलें, हें मात्र खरें.

कुंकवाचें मूळ हळदींत आहे. हळकुंडांस लिंबाचा रस, टांकणखार व तुरटी यांचें पूट देऊन तीं मुरवावयाचीं, सावलींत वाळवावयाचीं, मग कुटून वस्त्रगाळ करावयाचीं. हळदीचें पिवळें द्रव्य टांकणखाराच्या योगानें लाल होतें. बाहेरचा रंग घालावा लागत नाहीं. सोलापूर जिल्ह्यांतील केम हें गांव या धंद्यासाठीं प्रसिद्ध आहे, आणि पंढरीची वारी करून आलेला मनुष्य बुक्क्याबरोबर कुंकवाची पुडी आणावयाचाच. कपाळीं आधीं मेणाचें बोट टेकावें आणि त्यावर कुंकू लावावें, असा आमच्या आज्यांचा नित्यक्रम. करंड्यांत काय आहे हें त्यांस ठाऊक होतें.

पुढें हें ज्ञान सुटलें. १८५६ सालीं इंग्लंडांत पर्किन यानें डांबरापासून निघणाऱ्या द्रव्यांतून पहिला कृत्रिम रंग केला, आणि मागाहून तसले रंग जगाच्या बाजारांत स्वस्त झाले. हळद मुरविण्याचे श्रम कशास? पांढऱ्या भुकटींत रंग कालविला कीं काम झालें. पुडीवरचें नांव तेंच राहिलें. आंतील वस्तु बदलली. अशा कुंकवानें कपाळास खाज व चट्टे उठूं लागले, तेव्हां दोष कातडीस देण्यांत आला. नंतर टिकली आली. कांहीं टिकल्यांच्या डिंकांत पॅरा-टर्शरी-ब्यूटिल-फिनॉल नांवाचें द्रव्य असतें. तें त्वचेंतील रंग उत्पन्न करणाऱ्या पेशींचा नाश करतें. सौभाग्याचें चिन्ह जेथें लावावें तेथें पांढरा डाग उमटावा, याहून विपरीत तें काय?

परंतु खरें भय चेहरा उजळविण्याच्या क्रीमांत आहे. २०२२ सालीं अकोल्यांतील एका घरांत आई व दोन मुली अशा तिघींसहि मूत्रपिंडाचा विकार जडला. तिघी एकच क्रीम लावीत होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयांतील वैद्यांनीं शोध घेतला, आणि क्रीमांत पारा निघाला. केरळांतील मलप्पुरम जिल्ह्यांतहि असेंच झालें. तेथील वैद्यांनीं २०२१ ते २०२३ या काळांत एका प्रकारच्या मूत्रपिंडविकाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांपैकीं १५ जणांत रोगाची एक विशिष्ट खूण आढळली, आणि त्या १५ पैकीं १३ जण गोरेपणाचीं क्रीमें लावणारे निघाले. पारा त्वचेंतील काळेपणाचें द्रव्य तयार होऊं देत नाहीं, म्हणून चेहरा उजळतो. पण तोच पारा त्वचेंतून रक्तांत आणि रक्तांतून मूत्रपिंडांत जाऊन बसतो. वेळीं ओळखून क्रीम सोडलें तर पुष्कळ रुग्ण सुधारतात, एवढेंच समाधान.

हा मोह आमच्याच देशाचा आहे असें नव्हे. युरोपांतील उमराव स्त्रियांनीं शतकानुशतकें शिशाचा सफेता तोंडास फासला. अमेरिकेंत १९३३ च्या सुमारास ‘लॅश लूअर’ नांवाच्या पापण्यांच्या रंगानें स्त्रियांचे डोळे गेले, आणि अशा प्रकारांनंतर १९३८ चा कायदा झाला. आमच्याकडील १९४० चा कायदा प्रथम केवळ औषधांपुरता होता. प्रसाधनें त्यांत १९६२ च्या दुरुस्तीनें आलीं. २०२० च्या नियमांप्रमाणें, डोळ्यांच्या प्रसाधनांचा अपवाद सोडल्यास, नकळत आलेला पाराहि दहा लक्ष भागांत एका भागाहून अधिक चालत नाहीं. पुढें २०२३ च्या जिनिव्हा परिषदेंत मिनामाता कराराच्या राष्ट्रांनीं ही मर्यादाहि काढून, पारा घातलेलीं सर्वच प्रसाधनें २०२५ पर्यंत बंद करण्याचें ठरविलें.

कायदा आहे, मग अकोला कां घडावें? कारण कायदा चिठ्ठी असलेल्या डबीस विचारतो. बिनचिठ्ठीची डबी मैत्रिणीच्या शिफारशीनें हातोहात घरांत येते. शिवाय, सांवळ्या मुलीस ‘जरा उजळ असती तर’ असें म्हणणारीं माणसें आमच्याच घरांत आहेत. त्या पाऱ्याचा पहिला गिऱ्हाईक तो शब्द होय, हें कबूल केल्यावांचून पुढचें बोलणें व्यर्थ आहे.

नटूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. पण डबीवर करणाराचें नांव व आंतील द्रव्यें लिहिलेलीं नसतील, तर ती उंबऱ्याबाहेरच राहावी. पद्मावतीच्या तांदळ्याला शेंदूर शोभतो. दगडास मूत्रपिंडें नसतात. आपल्या लेकींच्या तोंडास काय लागतें, हें विचारण्याचा आज्यांचा अधिकार मात्र आपण पुन्हा मागून घेतला पाहिजे.