ओंजळीतलं शरबत

गणपतीला कोकणातली माणसं गावी जातात, दिवाळीला सगळेच जातात. आमच्या चाळीतली महाराची माणसं मात्र मोहरमला गावी जायची. गिरणीत खाडा पडायचा, पगार कापला जायचा, तरी बा म्हणायचा, "पीर बसलं की गेलंच पायजे." मोहरम चंद्रावर चालतो. ते वर्ष ३५४ दिवसांचं, म्हणून सण दर साली दहा-अकरा दिवस मागं सरकतो. कधी पेरणीत येतो, कधी सुगीत, कधी ऐन उन्हात. मुकादमाला ते काही केल्या समजायचं नाही. "तू म्हार, मोहरमशी तुझं काय नातं?" असं तो विचारायचा. पुढं हाच प्रश्न आमच्या चळवळीतली पोरं विचारू लागली. मुकादम मेला. पोरांना उत्तर देणं बाकी आहे.

आमचं गाव सांगली जिल्ह्यात. नाव लिहीत नाही, कारण असली गावं गंडाभर सापडतील. त्याच जिल्ह्यात कडेगावचे आभाळाला टेकणारे डोले आहेत, ते बघायला लांबून लोक येतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात 'हिंदू-मुस्लिम ऐक्याचं प्रतीक' असं छापून येतं. आमच्याकडं एवढं मोठं काही नव्हतं. तीन पंजे, एक डोला आणि चावडीपुढं अलाव्याचा खड्डा. मुसलमानांची घरं चार. पण पीर अख्ख्या गावाचा. ऊद जळायचा, चोंगे आणि मलिदा व्हायचा, कत्तलच्या रात्री सवाऱ्या निघायच्या. नवसाची पोरं गळ्यात नाडा घालून फकीर व्हायची आणि घरोघर मागायची. मराठ्यांची पोरं दहा दिवस फकीर व्हायची. आम्ही बारा महिने भाकरी मागत होतो, आमचा नवस कुणी बोलला होता कोण जाणे!

आता यातलं ऐक्य नीट बघा. पंजे मुलाण्याच्या हातात. पहिला मान पाटलाचा. हलगी मांगाची. अलाव्याची लाकडं फोडून आणायची महारांनी, रात्रभर मशाल धरायची महारांनी. मजुरी नाही. वतनातलंच काम ते. म्हणजे गावगाडा जसा चालायचा तसाच पीरही चालायचा, फक्त बामण तेवढा नव्हता.

बामण का नव्हता, यालाही इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात मोहरम हा मराठी मुलखातला मोठा सार्वजनिक सण होता. पुण्यातसुद्धा हिंदू ताबुतांपुढं नाचायचे. ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत दंगल झाली. पाठोपाठ टिळकांनी सार्वजनिक गणपतीला जोर लावला, आणि १८९४ साली हिंदूंनी ताबुतांकडं फिरकू नये असा प्रचार पुण्यात झाला. गंमत अशी की गणपतीचे मेळे उभे राहिले ते मोहरमच्या टोळ्यांचीच नक्कल करून. शहरातला सण असा फोडला गेला. खेड्यात मात्र पीर राहिला, आणि खेड्यात कष्ट करणारेही राहिले. आमच्या आज्याला टिळक ठाऊक नव्हते. लाकडं ठाऊक होती.

मग १४ ऑक्टोबर १९५६ आलं. नागपूरला गावातून तिघं गेले होते, त्यात आजा. परत आल्यावर मढी ओढणं बंद, होळीची लाकडं बंद. पुढच्या मोहरमला प्रश्न पडला, अलाव्याची लाकडं? तक्क्यात दोन रात्री भांडण चाललं. एक जण म्हणाला, बावीस प्रतिज्ञांत ब्रह्मा-विष्णू-महेशाचं नाव हाय, रामाचं, कृष्णाचं हाय, गौरी-गणपतीचं हाय. पिराचं न्हाई. आजा म्हणाला, "पिराचं नसंल, पर लाकडाचं हाय." असं प्रतिज्ञांत कुठं लिहिलेलं नाही, पण आज्याला ते तसंच वाचता आलं होतं, आणि मला वाटतं त्यानं बरोबर वाचलं होतं. लाकडं बंद झाली. पाटील चिडला. मुलाण्यानं काही न बोलता स्वतः कुऱ्हाड उचलली. महार वतनं कायद्यानं गेली ती १९५८ च्या कायद्यानं, आमच्या तक्क्यात त्याच्या आधीच गेली होती.

तरी बा जायचाच. आजीनं त्याच्या जन्माच्या वेळी पिराला बोललं होतं. बौद्ध झालेला माणूस नवस फेडत नाही हे त्याला कळत होतं. तो नवस फेडायला जात नव्हताच. तो हलगी ऐकायला जायचा, भावकीला भेटायला जायचा, रात्रभर मशालीशिवाय रिकाम्या हातानं उभं राहायला जायचा. रिकाम्या हातानं उभं राहणं ही त्याची ऐट होती. ती मला तेव्हा कळली नाही.

१९६४ साली मोहरम मे महिन्यात आला होता. शाळेला सुट्टी, मी बाबरोबर. दहाव्या दिवशी मुलाण्याच्या दारात गुळाच्या शरबताचा रांजण. ते शरबत का वाटतात ते मुलाण्यानंच पोरांना सांगितलं. करबलाच्या मैदानात यजीदच्या फौजेनं हुसेन आणि त्याच्या बायकापोरांना फुरात नदीचं पाणी तोडलं. तीन दिवस तहानलेले ठेवले आणि दहाव्या दिवशी मारलं. इसवी सनाचं ६८० साल. म्हणून त्या दिवशी कुणी तहानलेलं जाऊ नये. पोरं गप्प ऐकत होती. मग मराठ्याच्या पोरांना पितळी पेला मिळाला आणि मला मुलाणी म्हणाला, "लेकरा, वंजळ कर." वरून धार सोडली. अर्धं शरबत कोपरावरून सदऱ्यात गेलं.

पाणी तोडल्याची गोष्ट सांगून झाल्यावर त्याच तोंडानं वंजळ कर म्हणाला! बानं बघितलं. तो रागावेल वाटलं. संध्याकाळी तो मुलाण्याच्या ओट्यावर बसला, खालच्या पायरीवर नव्हे, ओट्यावर, आणि विचारलं, "चाचा, ह्यो कुठला हुसेन?" मुलाणी बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "तुला पेला दिला तर पाटलाची माणसं माझं शरबत पिणार न्हाईत. उद्याच्याला बकरं कापायला बी बलवणार न्हाईत."

जुन्या याद्या काढून बघा, बारा बलुत्यांत मुलाण्याचं नाव सापडतं. आपल्यासारखाच तोही खळ्यावर हात पसरणारा. त्याच्या धर्मानं त्याला सांगितलं सगळे सारखे, त्याच्या पोटानं सांगितलं वंजळ. मी त्याला माफ करत नाही. पण कुठल्या दोरीनं तो बांधला होता ते बघितल्याशिवाय नुसतं 'मुसलमानही तसलेच' म्हणून हात झटकणं हा अभ्यास नव्हे.

बाबासाहेबांनी दोन्ही बाजू बघितल्या होत्या. १९३४ साली ते सहकाऱ्यांबरोबर दौलताबादचा किल्ला बघायला गेले. रमझानचा महिना होता. प्रवासाची धूळ धुवायला दारातल्या हौदाचं पाणी घेतलं, तर एक म्हातारा मुसलमान ओरडत आला की धेडांनी हौद बाटवला. जमाव जमला. बाबासाहेबांनी त्यांना विचारलं, उद्या एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्याला या पाण्यापासून अडवाल का? त्यावर कुणाला उत्तर सुचलं नाही. हा प्रसंग त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये लिहून ठेवला, तो पुस्तिका म्हणून छापून आला १९९० साली. बानं तो कधी वाचला नाही.

आणि त्याच्या सात वर्षं आधीचं महाड? २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी प्यायल्यावर सवर्णांनी आपल्या माणसांना झोडपलं, तेव्हा काहींना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. डिसेंबरच्या परिषदेला गावात कुणी हिंदू जागा देईना, ती फत्तेखान नावाच्या मुसलमानानं दिली. त्याच जागेवर २५ डिसेंबरला मनुस्मृती जळाली. फत्तेखानाच्या मालकीची जमीन होती. आमचा मुलाणी बलुत्यावर जगत होता. माझ्या मते फरक तिथं आहे, कुराणात नाही.

म्हणून पोरांनो, मोहरमला गावी जावं की जाऊ नये असा ठराव करत बसू नका. पिरापुढं डोकं टेकू नका, एवढं सरळ आहे. पण जो सण आपल्या घामावर शंभर वर्षं उभा होता, त्याच्यातून नुसतं उठून आलो तर लाकडं कुणी फोडली हेही लोक विसरतील. आत्ताच विसरलेत. गावातल्या नव्या फलकावर पाटलाच्या मानाचा उल्लेख आहे, हलगीवाल्याचा नाही, आमचा तर नाहीच.

बा आता नाही. मी जातो. मुलाण्याचा नातू तालुक्याला गॅरेज चालवतो, पाटलाच्या बकऱ्यावर त्याचं पोट नाही. गेल्या खेपेला त्यानं मला स्वतःहून शरबत दिलं, हातात पेला. पेला प्लास्टिकचा. पिऊन फेकायचा. शेजारी पाटलाकडच्या पोरालाही तसलाच दिला. त्यामुळं विटाळ गेला की पेल्याखाली झाकला गेला, ते कळायला मार्ग राहिलेला नाही. मी पितळी पेला मागणार होतो, पण रांजणापाशी तो कुठं दिसला नाही.