बाणाचे पीस : सरळ की पिळाचे?

मुकणे घराण्याचे जव्हार संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले, हे पुस्तकांत सापडते. जव्हार-मोखाड्याच्या शिकाऱ्याने पिसे कशी बांधली, हे मात्र बाणालाच विचारावे लागते.

सरळ पीस हवेला कमी अडवते, वेग टिकतो. पिळाने बसवलेले पीस बाणाला स्वतःभोवती फिरवते. वेग घटतो, पण रुंद पात्याचा बाणही दिशा धरून राहतो. डाव्या-उजव्या पंखांतील पिसांचा बाक परस्परविरुद्ध असल्याने एका बाणाला एकाच बाजूची पिसे लागतात.

वारली चित्रांत तिरकमठा दिसतो, पिसांचा पीळ दिसत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीवर बंदी आली. तिच्याबरोबर हे ज्ञानही लोपू शकते. जुन्या बाणांची नोंद करताना लांबीसोबत पिसांचा कलही लिहून ठेवावा.