चौकोनी देठाची भावकी

माझे अब्बा साताऱ्यात एका सरकारी कचेरीत माळी होते. ही १९८० च्या आसपासची गोष्ट. थंडी पडली की कचेरीच्या दारातले दोन वाफे लालभडक होत. फूल साल्व्हियाचं. अब्बा ‘सालविया’ म्हणत, येणारे-जाणारे ‘ते लाल’ म्हणून भागवत.

एकदा डबा घेऊन गेलो, तर त्यांनी साल्व्हियाचं एक देठ माझ्या बोटांत दिलं. म्हणाले, ‘फिरव.’ देठ काही गोल फिरेना. त्याला चार कडा होत्या. संध्याकाळी घरी परसातल्या सब्जाचं देठ असंच फिरवायला लावलं, मग शेजारच्या काकूंना विचारून तुळशीचं. सगळी चौकोनी! ‘एकाच भावकीतली आहेत,’ अब्बा म्हणाले. वनस्पतिशास्त्रही या तिघांना एकाच कुळात घालतं, हे मला फार उशिरा कळलं. मी बी. ए. झालेला माणूस.

या भावकीतला साल्व्हिया मात्र लांबून आलेला. लाल फुलांचा हा प्रकार मूळ ब्राझीलचा. १८२० च्या दशकात युरोपातल्या बागाइतदारांना तो ठाऊक झाला. त्याच दशकात आपल्या सह्याद्रीवर साहेबाच्या बागेसाठी जमीन तयार होत होती. १८२८ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी महाबळेश्वरला थंड हवेचं ठाणं वसवलं. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांनी ती जागा दिली आणि बदल्यात वाईकडचं खंडाळा गाव घेतलं. १८३४ मध्ये तिथं तुरुंग बांधला गेला. त्यात समुद्रापलीकडून आणलेले चिनी आणि मलायी कैदी होते. बटाटे आणि विलायती भाज्यांचे मळे या कैद्यांनी राबून उभे केले. १८६४ मध्ये तुरुंग बंद झाला. माल्कमच्या नावाची पेठ झाली. मळे पिकवणारे मात्र इतिहासात ‘चिनी कैदी’ एवढ्याच नावानं उरले. पाचगणीला जॉन चेसनसाहेबांनी १८६० च्या दशकात परदेशी झाडं लावली. सिल्व्हर ओकच्या त्या रांगा आपण अजून कौतुकानं दाखवतो. खड्डे कुणी खणले, हे कुणी विचारत नाही. माळ्याचा मुलगा असल्यानं मला ते विचारावंसं वाटतं, इतकंच.

साल्व्हिया हे नाव लॅटिन. त्याच्या मुळाशी बरं होणं, सुखरूप असणं असा अर्थ आहे. याच वंशातल्या औषधी सेजला अरबीत ‘मरियमिया’ म्हणतात. आणि एक साल्व्हिया आपल्याकडे रानात, ओलसर जागी आपोआप उगवतो. फूल इतकं बारीक की कुणी वळून बघत नाही. शास्त्रज्ञांनी त्याचं नाव ठेवलं ‘प्लेबिया’, म्हणजे सामान्य रयतेतला! हल्ली डॉक्टर खायला सांगतात ते चियाचं बी, तेही मेक्सिकोकडच्या साल्व्हियाचंच. फालुद्यात घालतात तो सब्जा निराळा, पण पाण्यात पडला की दोघंही सारखेच फुगतात.

अब्बांची पेरणी गणपती उठले की व्हायची. बी मातीत गाडायचं नाही, वरून चिमूटभर पोयटा भुरभुरायचा, कारण त्याला उजेड लागतो. रोपाला सहा पानं आली की शेंडा खुडायचा. फुटवे येतात आणि एका तुऱ्याच्या जागी चार होतात. फुलाची नळी गळून पडते, पण बुडाची लाल टोपी तशीच राहते, म्हणून तुरा कितीतरी दिवस रंग धरतो. टोपी तपकिरी व्हायला लागली की बी काढून घ्यायचं. एक दिवस चुकला की ते मातीत.

निवृत्त होऊन अब्बा आमच्या मूळ गावी, मिरजेला आले. कृष्णाकाठच्या काळ्या मातीत पहिल्या वर्षी सगळी रोपं कुजली. ते चिडले नाहीत. दुसऱ्या वर्षी वीतभर उंच वाफे केले, त्यात वाळू आणि शेणखत मिसळलं. पाणी निचरून गेलं आणि साताऱ्याचं लाल मिरजेत फुललं.

२००४ मध्ये ते गेले. आमच्याकडे कबरीवर सब्जा लावतात. मी चाचांना म्हणालो, ‘अब्बांच्या कबरीवर सालविया लावू का?’ चाचा म्हणाले, ‘सब्जाच लाव. सालवियाला रोज पाणी घालायला तू येणार आहेस का?’ मी गप्प बसलो. मला नोकरीवर सांगलीला परतायचं होतं. सब्जा लावला. पावसाळ्यात तो आपल्या आपण बी टाकून पुन्हा येतो.

तरी गणपती उठल्यावर डब्यात उरलेलं अब्बांच्या हातचं बी कडेला भुरभुरून आलो. थंडीत जाऊन पाहिलं, तर दोन रोपं उगवली होती. एक शेळीनं खाल्लं. दुसरं फेब्रुवारीपर्यंत लाल होतं.